आपल्याच पावलाच्या मापाचं इनसोल: धावण्याच्या बुटासाठी स्कॅनपासून थ्री-डी प्रिंटपर्यंत

दुकानात धावण्याचा बूट मिळतो तो लांबीच्या मापावर. यूके पद्धतीत एका नंबरचा फरक म्हणजे साडेआठ मिलिमीटरच्या आत-बाहेर, अर्ध्या नंबरचा सव्वाचार. बाकी सगळं, म्हणजे चवड्याची रुंदी, कमानीची उंची, टाचेची गोलाई, कंपनीनं कोणत्या तरी सरासरी पावलावरून ठरवलेलं असतं. त्यातून आपल्याकडे मिळणारे बहुतेक नंबर यूके, यूएस किंवा युरोपीय पद्धतीचे आहेत. चेन्नईच्या केंद्रीय चर्म संशोधन संस्थेनं, म्हणजे सीएलआरआयनं, देशभरातल्या लाखावर लोकांची पावलं मोजली, तेव्हा भारतीय पाऊल त्या मापांच्या मानानं रुंद असल्याचं दिसलं. करंगळीला भोवरी, अंगठ्याचं नख काळं पडणं, कमानीखाली रिकामं वाटणं या तक्रारींमागे पुष्कळदा हेच असतं.

आता पाऊल स्कॅन करून त्यावरून मऊ प्लास्टिकचं इनसोल, म्हणजे बुटाच्या आतला पावलाखालचा सुटा थर, छापणं घरच्या यंत्रावरही जमतं. हा लेख पहिल्यांदाच हे करणाऱ्यासाठी आहे: धावणारा असो, फिजिओथेरपिस्ट असो की बुटांचं छोटं वर्कशॉप चालवणारा. छापणं हा यातला सोपा भाग आहे. काम बिघडतं ते मापात, आणि बुटाच्या आतली जागा न मोजल्यामुळे. म्हणून खाली त्या दोन गोष्टींना जास्त जागा दिली आहे.

१. ‘थ्री-डी प्रिंटेड’ आणि ‘तुमच्या मापाचा’ यांत गल्लत करू नका

आदिदासनं २०१७ मध्ये कार्बन या कंपनीच्या तंत्रानं जाळीदार मिडसोल, म्हणजे तळाचा मधला गादीसारखा थर, आणला. द्रव रेझिनवर प्रकाश टाकून तो घडवतात. जाळी सुरेख आहे, पण एका नंबरच्या सगळ्या जोड्यांत तीच. ऑन कंपनीच्या लाइटस्प्रेमध्ये रोबो काही मिनिटांत बुटाचा वरचा भाग फवारून तयार करतो. तोही तुमचं पाऊल मोजून नाही. आदिदासनं जर्मनीत आन्सबाख आणि अमेरिकेत अटलांटा इथे स्पीडफॅक्टरी उभारल्या. गिऱ्हाइकाच्या जवळ, झटपट, हवा तसा बूट हे त्यांचं स्वप्न होतं. २०१९ च्या नोव्हेंबरात दोन्ही बंद करण्याची घोषणा झाली आणि ते तंत्र आशियातल्या पुरवठादारांकडे गेलं.

खरोखर मापाचं काम वेगळ्या वाटेनं चालतं. झेलरफेल्डसारख्या कंपन्या मोबाइलवरच्या स्कॅनवरून अख्खा बूट एकाच मऊ प्लास्टिकचा छापतात. दुसरी वाट म्हणजे बूट तयार घ्यायचा आणि आतलं इनसोल तेवढं मापाचं करायचं. नवख्यानं दुसरीच धरावी. बिघडलं तर चाळीस-पन्नास ग्रॅम प्लास्टिक वाया जातं, बूट शाबूत राहतो.

२. कुणी स्वतः करू नये

मधुमेहामुळे तळव्याची संवेदना कमी झाली असेल, पावलावर पूर्वी जखम होऊन ती बरी व्हायला वेळ लागला असेल, किंवा पावलाचा आकार बदलत चालला असेल, तर हे घरी करू नका. इनसोल कुठे टोचतंय हे तुम्हाला सांगणारी एकमेव गोष्ट म्हणजे दुखणं. तेच जाणवत नसेल तर एका कडेनं जखम होईपर्यंत पत्ता लागत नाही. संवेदनेची तपासणी १० ग्रॅमच्या नायलॉनच्या तंतूनं दोन मिनिटांत होते. मधुमेह असेल तर आधी ती करून घ्या.

टाचेत किंवा पोटरीत सध्या दुखत असेल तर आधी निदान होऊ द्या. दुखऱ्या पावलाचं माप घेतलं तर माणूस नकळत भार दुसऱ्या कडेला टाकतो आणि तोच वाकडेपणा इनसोलमध्ये उतरतो.

३. सामान आणि कागदपत्रं

मापासाठी: दोन ए-फोर कागद, स्टीलची पट्टी, व्हर्नियर (जाडी बारकाईनं मोजायचं साधन), शिंप्याची टेप, पावलाचा ठसा घेण्याची फोमची पेटी (ऑर्थोटिक साहित्य विकणाऱ्यांकडे मिळते), आणि अंतर मोजणारा सेन्सर किंवा बरा कॅमेरा असलेला फोन.

छपाईसाठी: डायरेक्ट ड्राइव्ह एक्स्ट्रूडर (फिलामेंट ढकलणारा भाग नोझललाच लागून) असलेला प्रिंटर, ९५ए कडकपणाचं टीपीयू (रबरासारखं लवचिक प्लास्टिक; आकडा लहान तितकं ते मऊ), फिलामेंट, म्हणजे छपाईच्या प्लास्टिकची तार, वाळवायचा ड्रायर, गोंदाची कांडी. पहिल्या प्रयत्नाला ८५ए घेऊ नका. ते पायाला छान लागतं, पण यंत्रातून ढकलताना फार त्रास देतं. लांब नळीतून फिलामेंट ढकलणारा बाउडन पद्धतीचा प्रिंटर असेल तर ९५ए सुद्धा जेमतेम चालतं.

बेडचा आकार आधीच तपासा. पूर्ण लांबीचं २७० मिलिमीटरचं इनसोल २२० बाय २२० च्या बेडवर तिरकं ठेवूनही मावत नाही, कारण त्याची रुंदी आड येते. २५६ च्या बेडवर तिरकं मावतं. लहान बेड असेल तर टाचेपासून चवड्याच्या मागेपर्यंत संपणारं पाऊण लांबीचं इनसोल करा. धावायला ते चांगलं चालतं.

सॉफ्टवेअर: आकार घडवायला ब्लेंडर, आणि त्या आकाराचे थर पाडून प्रिंटरला द्यायला स्लायसर, म्हणजे प्रुसास्लायसर किंवा ऑर्का. तिन्ही फुकट आहेत.

कागदपत्रं: डॉक्टरांनी काही लिहून दिलं असेल तर ती चिठ्ठी, बुटाचं मॉडेल आणि नंबर लिहिलेला कागद, आणि एक मापपत्रक. मापपत्रकावर तारीख, वजन, डावा-उजवा वेगवेगळा, आणि कोणता मोजा घालून माप घेतलं हे लिहा. दुसऱ्याकडून छापून घ्यायचं असेल तर हाच कागद सोबत द्यावा लागतो.

४. पाऊल मोजा: आधी हातानं, मग यंत्रानं

स्कॅन करणार असलात तरी हाताची मापं घ्याच. स्कॅनचं प्रमाण चुकलं की नाही हे ओळखायला दुसरा आधार नसतो.

संध्याकाळी मोजा, जमलं तर धावून आल्यावर, पाऊल जरा फुगलेलं असताना. धावताना जो मोजा घालता तोच घाला. कागद भिंतीला टेकवून जमिनीवर ठेवा, टाच भिंतीला लावा, दोन्ही पायांवर सारखा भार देऊन उभे राहा. पेन दुसऱ्या कुणाला धरू द्या. स्वतः वाकलात की भार पुढे जातो आणि माप बिघडतं. पेन अगदी उभं हवं. आतल्या बाजूला कललं की कमानीखाली शिरतं, बाहेर कललं की रुंदी तीन-चार मिलिमीटरनं वाढते.

चार मापं लिहा:

- टाचेपासून सगळ्यात लांब बोटापर्यंतची लांबी. ते बोट अंगठाच असेल असं नाही.
- टाचेपासून अंगठ्याच्या बुडाशी असलेल्या गोल उंचवट्यापर्यंतची लांबी.
- चवड्याची रुंदी, आणि टेपनं घेतलेला घेर.
- टाचेची रुंदी.

यातलं दुसरं माप बहुतेक जण घेत नाहीत आणि तेच सगळ्यात महत्त्वाचं आहे. बूट वाकतो तो ठरलेल्या रेषेवर. पाऊल वाकतं ते या उंचवट्यापाशी. सारख्या लांबीच्या दोन माणसांत हे माप काही मिलिमीटरनं वेगळं असतं, कारण कुणाची बोटं लांब, कुणाचा मधला भाग लांब. इनसोलमधली कमान कुठे संपवायची हे यावरूनच ठरतं. ती उंचवट्याच्या पुढे सरकली तर दर पावलाला अंगठ्याच्या बुडाशी दाब बसतो आणि दहा किलोमीटरला फोड नक्की.

दोन्ही पावलं मोजा. ती सहसा सारखी नसतात.

५. ठसा आणि स्कॅन

फोनचा सेन्सर थेट तळव्याकडे धरून स्कॅन करता येतो, पण तेव्हा पाऊल हवेत असतं आणि कमान पूर्ण वर असते. काचेवर उभं राहून खालून स्कॅन केला तर उलटं होतं, तळवा पसरतो आणि कमान बसते. इनसोलला या दोन्हींच्या मधली स्थिती हवी, अर्ध्या भाराची. फोमची पेटी तेच देते.

खुर्चीवर बसा, गुडघा काटकोनात, पोटरी सरळ उभी. पेटी पावलाखाली. दाब मदतनिसानं द्यायचा: आधी गुडघ्यावरून सरळ खाली, म्हणजे टाच उतरते, मग चवड्यावरून, शेवटी बोटं एकेक करून. टाच दोन-अडीच सेंटिमीटर खोल गेली की थांबा. पेटीच्या तळाला टेकली तर टाचेचा गोल सपाट येतो आणि तो ठसा फेकून द्यावा लागतो. पाऊल सरळ वर उचला. पुढे-मागे हललं तर कडा फाटतात.

आता ही पोकळी वरून स्कॅन करा. आयफोनचा पुढचा, चेहरा ओळखणारा सेन्सर या कामाला मागच्या लायडारपेक्षा, म्हणजे लेझरनं अंतर मोजणाऱ्या सेन्सरपेक्षा, चांगला. लायडार घरातली खोली मोजायला ठीक आहे, तळव्याची बारीक वळणं त्यात गुळगुळीत होऊन जातात. हेजेससारखं ॲप पुढचा सेन्सर वापरतं. अँड्रॉइडवर फोटोंपासून मॉडेल करणारं ॲप घ्या आणि चारी बाजूंनी चाळीस-साठ फोटो काढा.

फोटोंच्या पद्धतीत दोन सापळे आहेत. फोम एकाच रंगाचा असतो, त्यामुळे सॉफ्टवेअरला धरायला खुणाच सापडत नाहीत आणि मॉडेलला भोकं पडतात. चिमूटभर रंगीत रांगोळी पोकळीत भुरभुरवा, की काम होतं. दुसरा सापळा प्रमाणाचा. फोटोंना मिलिमीटर कळत नाहीत. पेटीशेजारी ए-फोर कागद ठेवा. त्याची बाजू २९७ मिलिमीटर असते, त्यावरून मॉडेल लहान-मोठं करा, आणि मग हातानं घेतलेल्या लांबीशी ताडून पाहा. दोन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर पुन्हा स्कॅन.

स्कॅनचा आकार ज्या एसटीएल फाइलमध्ये साठवतात तिच्यात एकक लिहिलेलं नसतं. मॉडेल अचानक पंचवीस पट मोठं किंवा लहान दिसलं तर इंच-मिलिमीटरचा घोळ आहे, २५.४ नं गुणा किंवा भागा. हजार पटीचा फरक दिसला तर कुठेतरी मीटर आणि मिलिमीटर मिसळले आहेत.

६. बुटाची आतली जागा मोजा

इनसोलचा वरचा पृष्ठभाग पावलावरून येतो, बाहेरची कड बुटावरून. कडही पावलाच्या रेषेवर कापली की इनसोल बुटात बसत नाही, किंवा बसलं तर दर पावलाला पुढे सरकतं.

कंपनीचं इनसोल काढा. काही बुटांत ते चिकटवलेलं असतं. तेव्हा टाचेकडून हळू सोलत आणा, खालची शिलाई उसवू नका. काढलेलं इनसोल साध्या फ्लॅटबेड स्कॅनरवर पालथं ठेवून ३०० डीपीआयला स्कॅन करा. ही झाली तुमची कड. व्हर्नियरनं तीन ठिकाणी जाडी मोजा: टाचेच्या मध्यावर, कमानीत, चवड्याखाली. बऱ्याच बुटांत ती चार ते सहा मिलिमीटर असते.

ही जाडी म्हणजे तुमची मर्यादा. कंपनीचं इनसोल पाचचं असताना तुम्ही आठचं घातलंत, तर पाऊल तीन मिलिमीटर वर येतं, वरचा भाग आवळतो आणि टाच बुटाच्या कपातून सटकू लागते. शिवाय टाच आणि चवडा यांच्या जाडीतला फरक बुटाच्या उतारात, म्हणजे टाच चवड्यापेक्षा जितकी उंच असते त्यात, मिळतो. मूळ इनसोल सगळीकडे सारखं जाड असताना टाचेला ५ आणि चवड्याला ३ ठेवलंत तर ८ मिलिमीटर उताराचा बूट १० चा झाला. कमी केलात तर पोटरीवर ताण वाढतो. म्हणून पहिल्या जोडीत हा फरक मूळ इनसोलइतकाच ठेवा.

७. ब्लेंडरमध्ये आकार

पोकळीचा स्कॅन उलटा करायची गरज नाही. वरून दिसणारी पोकळी हाच तुमच्या इनसोलचा वरचा पृष्ठभाग. पुष्कळ जण तो आरशात फिरवतात आणि डाव्याचा उजवा होतो. फाइलच्या नावात पहिल्या क्षणापासून ‘डावा’, ‘उजवा’ लिहा.

क्रम असा ठेवा:

१) स्कॅन आडवा करा. टाचेचा मध्य शून्यावर, आणि दुसरं बोट सरळ रेषेत पुढे. अंगठ्याला रेषेत धरलं तर सगळं इनसोल आतल्या बाजूला वळतं.

२) दोन मिलिमीटरच्या चौकटींचं एक जाळं स्कॅनवर ठेवा आणि ब्लेंडरमधल्या श्रिंकरॅपनं त्यावर घट्ट बसवा. कच्च्या स्कॅनवर थेट काम करू नका. त्यात लाखो त्रिकोण असतात आणि पुढचं कापणं-जोडणं अडतं.

३) गुळगुळीत करा, पण जपून. टाचेचा कप आणि कमानीची सुरुवात पुसली जाऊ देऊ नका.

४) बोटांचे खड्डे भरून सपाट करा. धावताना बोटं पुढे-मागे सरकतात. प्रत्येक बोटाला घर केलंत तर ती घरांच्या कडांवर आदळतात.

५) कमान ठशापेक्षा दोन-तीन मिलिमीटर खाली ठेवा. नवख्या लोकांची सगळ्यात मोठी चूक इथेच होते. कमान पूर्ण भरली की दुकानात उभं राहून झकास वाटतं. धावताना मात्र कमानीला खाली यायचं असतं, तेवढ्यानंच धक्का झेलला जातो. तिला जागा दिली नाही तर दुखायला लागतं.

६) टाचेचा कप १० ते १२ मिलिमीटर उंच. कप कडेला एक मिलिमीटरपर्यंत पातळ करत न्या, नाहीतर घोट्याखाली घासतो.

७) बुटाची कड आत आणून त्या आकारानं कापा, सगळीकडून अर्धा मिलिमीटर आत. टाचेच्या खालच्या कडेला तीन-चार मिलिमीटरची गोलाई द्या. बुटाचा तळ आतून सपाट नसतो, कडेला वर वळलेला असतो. गोलाई नसेल तर इनसोल कडांवर तरंगतं आणि टाच ठेवताना डुगडुगतं.

डाव्याचं इनसोल आरशात फिरवून उजवं बनवण्याचा मोह टाळा. एवढं मोजून झाल्यावर तेवढ्यासाठी आळस करू नका.

८. मऊपणा: आधी तुकडे छापा

आतली भरण, म्हणजे इनसोलच्या पोटात छापली जाणारी जाळी, गायरॉइड या लाटांसारख्या वळणांच्या नमुन्याची घ्या. ती सगळ्या दिशांना जवळपास सारखी दबते. लाइन किंवा ग्रिड घेतलंत तर उभ्या भिंती एका मर्यादेपर्यंत ताठ राहतात आणि मग एकदम मोडतात.

ध्यानात घ्या: भरण दुप्पट केली की ताठपणा दुप्पट होत नाही, साधारण चौपट होतो. १५ वरून ३० टक्क्यांवर जाणं म्हणजे मऊ गादीवरून थेट फळीवर येणं. म्हणून बदल दोन-तीन टक्क्यांचेच करा.

४० बाय ४० बाय १० मिलिमीटरचे चार तुकडे छापा: १०, १५, २० आणि ३० टक्के. वर-खाली पातळ थर तेवढेच ठेवा जेवढे इनसोलमध्ये असणार. एकेक तुकडा सपाट फरशीवर ठेवून त्यावर टाच टेका, एका पायावर उभे राहा आणि दुसऱ्या कुणाला कडेनं पट्टी लावून उंची पाहू द्या. उभं राहूनच तुकडा निम्म्यापेक्षा जास्त दबला तर तो मऊ आहे. धावताना पावलाखालचा भार शरीराच्या वजनाच्या अडीच पटीपर्यंत जातो. ७० किलोच्या माणसाला १७५ किलो. मऊ भरण तिथे तळ गाठते आणि मग तिचा काही उपयोग उरत नाही.

९५ए टीपीयूत, साठ-सत्तर किलोच्या माणसाला सुरुवातीसाठी टाचेत १५–१८, कमानीत २५–३०, चवड्याखाली १२–१५ टक्के. स्लायसरमध्ये मॉडिफायर नावाचे ठोकळे ठेवून तीन भाग वेगळे करता येतात.

पातळ इनसोलमध्ये वरचे-खालचे भरीव थरच सगळं ठरवतात. पाच मिलिमीटरच्या इनसोलला वर-खाली ०.८ चे भरीव थर दिलेत तर आत काहीही भरा, लागेल तसंच. थर ०.२ चे, वर-खाली दोन-दोन, कडेच्या भिंती दोन. वर कापड चिकटवणार असाल तर वरचा भरीव थर एकच पुरे.

९. छपाई

टीपीयू हवेतली ओल शोषतं, आणि पावसाळ्यात मुंबई-कोकणात तर रीळ उघडी ठेवण्याचा विचारही करू नका. ओलं फिलामेंट ओळखायला सोपं: नोझलमधून चटचट आवाज येतो, धागे सुटतात, पृष्ठभागावर बारीक बुडबुडे दिसतात. अशा छपाईचे थर एकमेकांना नीट धरत नाहीत आणि इनसोल काही आठवड्यांत कमानीपाशी उलतं. ५५ ते ६५ अंशांवर सहा-आठ तास वाळवा आणि ड्रायरमधूनच थेट प्रिंटरला जोडा.

सुरुवातीची सेटिंगं: नोझल २२० ते २३५ अंश, बेड ४० ते ५०, वेग सेकंदाला २० ते ३० मिलिमीटर, पहिला थर १५ नं, नोझल रिकामी सरकताना फिलामेंट मागे ओढणं (रिट्रॅक्शन) अर्धा ते एक मिलिमीटर. एका इनसोलला चार ते सहा तास लागतात, वजन ४० ते ६० ग्रॅम भरतं. एका किलोच्या रिळेत साधारण दहा जोड्या होतात.

- मध्येच रेघा विरळ होत असतील तर रीळ जड फिरते आहे. टीपीयू ताणलं जातं आणि बारीक होऊन आत जातं. रीळ बेअरिंगवर ठेवा.
- फिलामेंट एक्स्ट्रूडरच्या दात्यांत गुंतत असेल तर वेग जास्त आहे किंवा दाबाचा स्क्रू फार आवळला आहे.
- काच किंवा गुळगुळीत पीईआय (एक प्लास्टिक) लावलेल्या बेडला टीपीयू इतकं चिकटतं की काढताना बेडचा थर सोबत येतो. गोंदाची कांडी फिरवायची ती यासाठी, चिकटावं म्हणून नव्हे, सुटावं म्हणून.

१०. कापड लावणं

छापलेला पृष्ठभाग थेट मोज्याला लावू नका. कमानीवर थरांच्या पायऱ्या असतात, त्या कानशीसारख्या घासतात. एक ते दीड मिलिमीटरचं ईव्हीए (बुटात वापरतात तो फोम), वर जाळीचं कापड लावलेलं, कापून घ्या. टीपीयू आयसोप्रोपाइल अल्कोहोलनं पुसा, हलका सँडपेपर फिरवा, दोन्ही बाजूंना बुटांच्या कामातलं पीयू सोल्युशन लावा, दहा-पंधरा मिनिटं सुकू द्या, मग दाबा. साधं रबर सोल्युशन टीपीयूवर घामानं सुटतं. इन्स्टंट ग्लू लावूच नका, तो वाळून काचेसारखा होतो आणि पहिल्याच धावेत तडकतो. या थराची जाडी सहाव्या भागातल्या हिशेबात धरलेली असू द्या.

११. घालून पाहणं

पहिल्या दिवशी घरात तासभर. काढल्यावर तळवा पाहा: लाल खूण वीस मिनिटांनीही गेली नसेल तर तिथे दाब जास्त आहे. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी चालणं, मग दोन-तीन किलोमीटर हळू धाव, आणि मग आठवड्याच्या एकूण अंतरातला थोडाच भाग नव्या इनसोलवर. बाकी जुन्यावर. लांब धाव किंवा शर्यत पहिले तीन आठवडे नाही. जानेवारीत मुंबई मॅरेथॉन असेल तर हे काम डिसेंबरात काढू नका.

टोचणारी जागा घासून कमी करायला जाल तर टीपीयू घासलं जात नाही, वितळून पसरतं. फाइलमध्ये अर्धा-एक मिलिमीटर बदला आणि पुन्हा छापा. एका वेळी एकच बदल: कमानीची उंची तरी, नाहीतर भरण तरी. दोन्ही बदललंत तर कशानं बरं वाटलं ते कळत नाही.

वजनाचाही विचार करा. कंपनीचं ईव्हीएचं इनसोल फार हलकं असतं, तुमचं त्यावर तीसेक ग्रॅमची भर घालतं. बुटामागे १०० ग्रॅम वाढले की धावायला साधारण एक टक्का जास्त ऊर्जा लागते. सरावाला काही फरक पडत नाही, वेळेसाठी धावणाऱ्यानं मात्र पाऊण लांबीचा पर्याय बघावा.

१२. बाहेरून छापून घेत असाल तर

आधी विचारा: यंत्र कोणतं? पावडर वितळवून जोडणारं, म्हणजे एमजेएफ किंवा एसएलएस, असेल तर पृष्ठभाग चांगला येतो आणि जाळी हवी तशी करता येते, पण बंद पोकळीत पावडर अडकून राहते. तळाला भोकं ठेवायला सांगा. रेझिनचं असेल तर ते तुमच्या कातडीजवळ वापरण्यासाठी प्रमाणित आहे का आणि पूर्ण पक्कं केलं जातं का, हे लेखी घ्या. अर्धवट पक्क्या रेझिननं त्वचेला पुरळ येतं.

स्कॅनची फाइल तुमच्या ताब्यात मिळेल, कडकपणा कोणता, आणि पहिलं बसलं नाही तर पुन्हा छापून देणार का, हे तिन्ही प्रश्न पैसे देण्याआधीचे.

१३. अख्खा बूट करायचा असेल तर

इथे स्कॅनवरून थेट काही छापता येत नाही. बूट पावलावर शिवत नाहीत, कलबुतावर, म्हणजे बूट ज्यावर ताणून घडवतात त्या ठोकळ्यावर, शिवतात, आणि कलबूत म्हणजे पावलाची नक्कल नव्हे. पुढे बोटांसाठी १० ते १५ मिलिमीटर जागा वाढवावी लागते, टाचेला आणि वरच्या तोंडाला मात्र पावलापेक्षा किंचित बारीक ठेवावं लागतं, तरच बूट धरतो. बोटांकडचा भाग जमिनीपासून थोडा उचललेला असतो. हे हिशेब कलबूत बनवणाऱ्याला विचारून करा.

कलबूत छापताना पीएलए हे प्रिंटरचं नेहमीचं प्लास्टिक वापरू नका. वरचा भाग ओढून बसवताना उष्णता द्यावी लागते आणि पीएलए ६० अंशांच्या आसपास मऊ पडतं. उष्णता जास्त सोसणारं पीईटीजी घ्या, चार-पाच भिंती, २० टक्के भरण. आणि त्याला मध्ये तिरका काप देऊन दोन भाग करा. अखंड कलबूत तयार बुटातून बाहेरच निघत नाही. शिवण्या-चिकटवण्याचं काम मुंबईत ठक्कर बाप्पा कॉलनीतल्या वर्कशॉपमधे करून मिळू शकतं. कलबूत आणि कागदी नमुना दोन्ही घेऊन जा, नुसती फाइल नको.

स्पर्धेत धावणार असाल तर वर्ल्ड ॲथलेटिक्सचे नियम आधी वाचा. रस्त्यावरच्या शर्यतीत तळाची जाडी जास्तीत जास्त ४० मिलिमीटर, तळात ताठ प्लेट एकच, आणि एकाच खेळाडूसाठी खास बनवलेला बूट चालत नाही. वैद्यकीय कारणासाठी केलेल्या बदलाला आधी मंजुरी घ्यावी लागते. हौशी गटात सहसा कुणी तपासत नाही, पण पदकासाठी किंवा निवडीसाठी धावणाऱ्यानं इनसोलबद्दलही आयोजकांना लेखी विचारून ठेवावं, आणि ते उत्तर मापपत्रकासोबत जपून ठेवावं.